मावळचं पाणी, मुंबईची वीज

मुंबईजवळ कोळशाची खाण कधीच नव्हती. कापडाचा धंदा इथे वाढला तो बंदर, भांडवल आणि कोकण-देशावरून येणाऱ्या माणसांच्या जोरावर. 1854 साली कावसजी नानाभाई दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून एक गोष्ट मात्र कायम बाहेरून आणावी लागली, ती म्हणजे जळण. सुरुवातीला विलायतेचा कोळसा जहाजातून यायचा. पुढे झरिया आणि राणीगंजच्या खाणींतला माल येऊ लागला, पण तोही हजार मैलांहून जास्त प्रवास करून, आगगाडीने किंवा कलकत्त्याहून बोटीने. खाणीच्या तोंडाशी जो भाव असे, त्याहून वाहतुकीचं भाडंच जास्त पडे. नातालचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा कोळसा समुद्रमार्गे मुंबईत येऊन बंगालच्या कोळशाशी भावात टक्कर देई. त्यावरून 1920 च्या दशकात देशभर वाद पेटला आणि परदेशी कोळशावर जकात बसवावी अशी मागणी झाली.

शतकाच्या सुरुवातीची गिरणी आतून पाहिली तर हा कोळसा जायचा कुठे, ते कळतं. एका बाजूला लँकेशायर बॉयलरांची रांग, त्यांच्या तोंडाशी फावड्याने कोळसा लोटणारे आगवाले. बॉयलरची वाफ एका भल्यामोठ्या इंजिनात जाई. इंजिनाचं चाक फिरलं की त्यावरच्या जाड दोरांवरून ती ताकद मजल्यामजल्यावर पोचे, तिथून लांबलचक शाफ्टवर, शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक साच्यावर. इंजिन एक, साचे हजार. इंजिन बंद पडलं की सगळी गिरणी बंद. आणि वर चिमण्या. परळ-लालबागच्या आकाशात त्यांचा धूर इतका साचू लागला की 1912 साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. तेव्हा गिरण्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली होती.

असं असलं तरी मुंबईने कोळसा कमी केला तो धुराला कंटाळून नव्हे. तसं सांगायला बरं वाटतं, पण गिरणीमालकांचा खरा प्रश्न भावाचा होता. जपानी सूत चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला हुसकावत होतं, आणि तागडीच्या एका पारड्यात कोळशाचं बिल होतं.

पर्याय डोळ्यांसमोर होता, म्हणजे खंडाळ्याच्या घाटात. 1863 मध्ये आगगाडी बोरघाट चढली, तेव्हा या चढाने हजारो मजुरांचे बळी घेतले होते आणि गाडीला वाटेत तोंड फिरवून चढावं लागत होतं. रेल्वेच्या इंजिनियरांच्या दृष्टीने घाट हा शत्रू होता. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका वास्तुविशारदाने तोच घाट उलट बाजूने पाहिला. लोणावळ्याला चार महिन्यांत काही ठिकाणी चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवर. पायथ्याचं खोपोली जवळजवळ कोकणाच्या पातळीवर. मध्ये फक्त काही किलोमीटर. इतकं पाणी, इतकी उंची आणि ती इतक्या थोड्या अंतरात, असा योग जगात फार ठिकाणी नाही. त्यात मुंबई सत्तर किलोमीटरवर.

गॉस्टलिंगची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलली. त्यांना पाण्यापासून ताकद काढायचा नाद आधीपासून होता. दरम्यान भारतात सुरुवातही झाली होती. 1897 मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला एक लहानसं वीजघर चालू झालं, आणि 1902 मध्ये म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवसमुद्रम धबधब्याची वीज जवळजवळ दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली. वीज लांब नेता येते, हे सिद्ध झालं होतं. जमशेटजी मात्र 1904 मध्ये गेले. पुढचं काम त्यांच्या मुलाच्या, दोराबजींच्या वाट्याला आलं. लंडनच्या भांडवलदारांनी अपेक्षेइतका हात पुढे केला नाही, मग पैसा हिंदुस्थानातच उभा राहिला. त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. 1910 मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी 1911 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कामाची कोनशिला बसली.

इथे थोडं थांबून ही वीज बनते कशी ते पाहायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास या यंत्रशास्त्रातूनच निघतो.

वळवण, लोणावळा आणि शिरोटा इथे धरणं बांधून तलाव केले. तलावांचं पाणी कालव्याने घाटाच्या कड्यापर्यंत आणलं आणि तिथून पोलादी नळांतून थेट खाली खोपोलीत सोडलं. उतार सुमारे पाचशे पंचवीस मीटरांचा. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नळाच्या तोंडाशी अरुंद तोटीतून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या घरात असतो. तो झोत पेल्टन चाकावर आदळतो. या चाकाच्या कडेला पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार उंचवटा असतो, तो झोत दुभागतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी मागे वळतं. वळताना आपली बहुतेक सगळी ताकद चाकाला देऊन टाकतं आणि खाली निमूट पडतं. चाकाच्या आसावर जनित्र. बस्स. ना बॉयलर, ना आगवाला, ना राख.

ढोबळ हिशेब केला तर एक हजार लिटर पाणी या उतारावरून खाली सोडल्यावर सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. तेवढंच काम करायला त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनालासुद्धा दोन किलोच्या जवळपास कोळसा लागे. म्हणजे वळवणच्या तळ्यात पाऊस साठत होता, तेव्हा खरं तर कोळशाची वखार भरत होती, आणि तीही भाड्याशिवाय.

फक्त एक अडचण होती. गिरणी बारा महिने चालते, पाऊस चार महिने पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जे येईल ते पुढचे आठ महिने पुरवायचं, तर नुसता धबधबा उपयोगाचा नाही. धबधबा डिसेंबरात आटतो. तलावच हवा, आणि तोही मोठा. तलाव म्हणजे जमीन. सह्याद्रीच्या पूर्व उताराची मावळं ही बशीसारखी खोरी आहेत. तोंडाशी भिंत घातली की भराभर भरतात. पण त्या बशीच्या तळाशीच भातखाचरं असतात आणि काठाशी गावं.

लोणावळ्याच्या पहिल्या टप्प्यात हा प्रश्न फार उफाळून आला नाही. फेब्रुवारी 1915 मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी वीज चालू केली आणि मुंबईत सिम्प्लेक्स मिलचे साचे फिरले. खोपोली ते परळ अशी मनोऱ्यांची रांग उभी राहिली होती. एक लाख व्होल्टच्या दाबाने वीज वाहून नेणारी तार त्या वेळी देशात नवलाईची होती. सगळ्या मालकांनी लगेच होकार दिला असं मुळीच नव्हतं. बॉयलर-इंजिनांत त्यांचे लाखो रुपये अडकलेले होते, आणि घाटातल्या एका तारेवर गिरणीचं नशीब टांगायला पुष्कळ जण कचरत होते. एखाद्या वादळात तार तुटली तर? प्रश्न रास्त होता.

त्यांचं मन वळवलं ते महायुद्धाने. बोटी लष्कराने ताब्यात घेतल्या, रेल्वेच्या वाघिणी सैन्याच्या सामानाने भरल्या, कोळसा मिळेना आणि मिळाला तर भाव गगनाला भिडलेला. ज्यांनी वीज घेतली होती ते निवांत होते. बाकीचे आता रांगेत उभे राहिले. मागणी इतकी वाढली की खोपोली पुरेना. 1916 मध्ये आंध्रा नदीच्या खोऱ्यासाठी दुसरी कंपनी निघाली. ठोकळवाडीला धरण, खाली भिवपुरीला वीजघर, ते 1922 मध्ये चालू झालं. 1919 मध्ये तिसरी कंपनी. तिचा डोळा होता नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर, म्हणजे मुळशी पेट्यावर.

इथून पुढची गोष्ट वेगळ्या सुरात सांगावी लागते.

मुळशी पेटा म्हणजे पन्नासच्या आसपास गावं आणि दहा-अकरा हजार माणसं. आंबेमोहोर तांदळासाठी हा भाग नावाजलेला. इथली पुष्कळ माणसं पोटासाठी मुंबईलाही जात. पुढे मुंबईच्या डबेवाल्यांत ज्या तालुक्यांतली माणसं सगळ्यांत जास्त दिसतात, त्यांत मुळशी आणि मावळ आहेत. म्हणजे मुंबईशी यांचं नातं नवं नव्हतं. नवं होतं ते हे, की आता मुंबईला त्यांच्या हातांऐवजी त्यांच्या जमिनी हव्या होत्या.

कंपनीच्या माणसांनी शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली, जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तर एका इंग्रज इंजिनियरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. ही बातमी पुण्याला पोचली आणि चळवळीला तोंड फुटलं. सरकारने हाती घेतला तो 1894 चा भूसंपादन कायदा. तो सार्वजनिक कामासाठी जमीन घेऊ देत होता, आणि त्यातच कंपन्यांसाठी जमीन घ्यायची वाट होती. शेतकऱ्याच्या होकाराचा त्यात प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त मोबदला किती, एवढाच.

कंपनीची आणि सरकारची बाजू लोकांपुढे कशी मांडली गेली, ते आज वाचताना मजा वाटते. वर्षाला लाखो टन कोळसा वाचेल, गिरण्यांत मजुरांना काम मिळेल, मुंबई स्वच्छ होईल, देश स्वदेशी उद्योगात पुढे जाईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शंभर वर्षांनी सौर प्रकल्पांच्या आणि पवनचक्क्यांच्या जाहिरातींत हीच वाक्यं थोडी वेगळी रंगवून येतात. कोळसा वाचतो हे खरंच असतं, फक्त कोणाच्या शेताच्या बदल्यात, हे त्या वाक्यात नसतं.

16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी मुळशीच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. जान किंवा जमीन, अशी शपथ घेऊन मावळे, त्यांच्या बायका आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे संघटनेच्या कामात होते, आणि पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. पारनेरचा हा माणूस एडिंबरोला शिकायला गेला, पॅरिसहून बॉम्बची कृती घेऊन आला, आणि पुढे गावातले रस्ते झाडायचं व्रत घेतलं. त्याच्यासारखा माणूस धरणाच्या चरासमोर उभा राहिला म्हणजे सरकार अस्वस्थ होणारच. गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना समजुतीचा सल्ला दिला, कायद्याने मिळालेल्या हक्कावर न अडता लोकांशी बोला असा. कंपनीने काही महिने काम थांबवायचं कबूल केलं. मुदत संपली आणि 1921 अखेरीस काम पुन्हा सुरू झालं. मग अटका, खटले, तुरुंग, बायकाही त्यात.

सगळे सत्याग्रही एकजिनसी होते असं समजायचं कारण नाही. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या झालेल्या होत्या, आणि मावळे आपल्याच वडिलोपार्जित शेतावर कुळं होते. सावकाराला मोबदला चांगला मिळत असेल तर धरणाचं दुःख कशाला? जमीन जाणार होती ती कुळाच्या पायाखालून, पैसे जाणार होते सावकाराच्या खिशात. पुण्यातल्या पुढाऱ्यांमध्ये मोबदला वाढवून घ्यावा म्हणणारे आणि धरणच नको म्हणणारे असे दोन तट पडले, त्याचं मूळ इथे आहे. हे सांगणं अवघड जातं, पण चळवळ ढासळली ती फक्त लाठीने नव्हे. कूळ आणि सावकार एकाच झेंड्याखाली फार काळ चालू शकले नाहीत, आणि कंपनीला ते नीट ठाऊक होतं. 1924 पर्यंत लढा विझत आला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामासाठी चालणारी रेल्वे अडवली, हातात शस्त्र होतं. त्यांच्या 'शुद्ध सत्याग्रहा'त ते बसत होतं, गांधीजींच्या नव्हे. शिक्षा सात वर्षांची झाली.

धरण पुरं झालं. 1927 मध्ये घाटाखाली भिऱ्याचं वीजघर चालू झालं, तेव्हा बापट तुरुंगातच होते. गावं उठली. काही माणसं वर डोंगरउतारावर सरकली, जिथे आंबेमोहोर काय, नाचणीसुद्धा नीट येत नव्हती. बाकीची पांगली.

मुंबईत दरम्यान काय होत होतं? 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली. 1928 च्या सुरुवातीला कुलाबा-बोरिवली मार्गावरही गाड्या विजेवर आल्या. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तीही विजेवर. बोरघाट गाडी आता कोळशाशिवाय चढू लागली होती. मात्र घाटातल्या या गाड्यांसाठी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचं वीजघर बांधलं, आणि ते कोळशावर होतं! बाजूच्या डोंगरात पाण्याची वीज तयार होत असताना रेल्वेने स्वतःची सोय वेगळी ठेवली. मोठी गिऱ्हाइकं एका पुरवठादाराच्या हाती सगळं देत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

गिरण्यांनी वीज घेतल्यावर सगळं सुखाचं झालं, असंही नाही. 1905 च्या सुमारास विजेचे दिवे गिरण्यांत आले, तेव्हा मालकांना पहिली गोष्ट सुचली ती म्हणजे अंधारानंतरही साचे चालवणं. पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली, आणि कामगारांनी आवाज उठवला. पुढे 1911 च्या कायद्याने कामाच्या तासांना मर्यादा आली. तो दिवा टाटांच्या विजेचा नव्हता, गिरणीने आपली जनित्रं लावून घेतलेला होता. पण स्वस्त ताकद मिळाली म्हणून माणसाचं काम कमी होत नाही, हे तिथे दिसून आलं होतं.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तीन वीजघरांनी आणखी एक काम केलं, ज्याचा त्या वेळी कुणी फारसा विचार केला नव्हता. तलावांचं पाणी मूळचं भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातलं. नैसर्गिक वाटेने ते पुणे, सोलापूर, पुढे आंध्र-तेलंगणापर्यंत गेलं असतं. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला वळवलं. खोपोलीतून पाताळगंगेत, भिवपुरीतून उल्हास नदीत, भिऱ्यातून कुंडलिकेत. त्या पाण्यावर बदलापूर-कल्याणची शहरं, रसायनी आणि रोह्याचे कारखाने उभे राहिले. भीमा खोऱ्यातले दुष्काळी तालुके गेली कित्येक वर्षं ते पाणी परत पूर्वेला सोडा म्हणत आहेत. आता परत सोडायचं म्हणजे कुणाच्या तरी नळातून काढून घ्यायचं.

आणि कोळसा? तो परत आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई वाढत गेली, पावसाच्या भरवशावर तीन वीजघरं तिला पुरेनात. 1956 मध्ये टाटांनी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक वीजकेंद्र चालू केलं. त्यात पुढे तेल, वायू, कोळसा असं काय काय जळत राहिलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी ज्या शहराने घाटातून वीज आणून धूर कमी केला, त्याच शहराच्या काठावर पुन्हा चिमण्या उभ्या राहिल्या. घाटातली वीजघरं मात्र बंद पडली नाहीत. उलट त्यांचं मोल वेगळ्या कारणाने वाढलं. औष्णिक केंद्र थंड असेल तर तापवायला तास लागतात. पेल्टन चाक काही मिनिटांत फिरू लागतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई महानगरात वीज गेली, लोकल जागीच थांबल्या, तेव्हा पुरवठा परत आणायला घाटातली जलविद्युत केंद्रं कामी आली.

हाच गुण आता नव्याने उपयोगाला आणायचा बेत आहे. सौर वीज दुपारी भरपूर, संध्याकाळी शून्य. पावसाळ्याचं जे दुखणं होतं ते आता दिवसाचं झालं. त्यावर उपाय म्हणून दुपारच्या जादा विजेने पाणी खालून वर चढवायचं आणि संध्याकाळी पुन्हा खाली सोडायचं. भिऱ्यात दीडशे मेगावॅटचा असा संच गेल्या शतकाच्या अखेरीपासून आहे. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी मोठा करार केला. शिरोट्याला 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॅटचे असे दोन प्रकल्प, खर्च सुमारे 13,000 कोटी रुपये. म्हणजे साठवण पुन्हा त्याच डोंगरांत.

कायदा मात्र 1894 चा राहिलेला नाही. 2013 साली संसदेने केलेला नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर बाधित कुटुंबांपैकी निदान 80 टक्क्यांची संमती आधी घ्यावी लागेल, असं त्यात आहे. कुळांना आणि भूमिहीनांनाही त्यात बाधित म्हणून जागा आहे. मुळशीच्या कुळाला 1921 मध्ये होकार कुणी विचारला नव्हता.